रिकामी जागा कोणाची? ताबा, अतिक्रमण आणि पट्टा: विदर्भातल्या गावकऱ्यांसाठी

तहसीलच्या आवारात अर्ज लिहायला बसलं की हा सवाल हटकून येतो: "भाऊ, बारा वर्सं झाले तिथं राहून, आता जागा माह्यीच ना?" दुसरी बाजूही तितकीच घाबरलेली असते: "पोरं पुण्याले, घराले कुलूप. शेजाऱ्यानं आमच्या सांदवाडीत कोठा बांधला. आता बारा वर्सानं जागा त्याची होते म्हंते!" दोघांनीही कायदा अर्धाच ऐकलेला असतो. आणि जागा मुळात कोणाच्या नावावर आहे, हे दोघांपैकी कोणीच बघितलेलं नसतं. बारा वर्षं लागू की तीस, पट्टा (जागा दिल्याचा सरकारी कागद) मिळेल की नोटीस येईल, दिवाणी कोर्टात जायचं की वनहक्क समितीत, हे सगळं त्या नावावर अवलंबून आहे. सुरुवात तिथूनच करू.

पहिलं काम: जागेची जात ओळखा

गावात नुसती 'रिकामी' अशी जागा नसते. मालक दिसत नसला तरी कागदावर कोणी ना कोणी असतोच, आणि कोणीच नसला तर सरकार असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० नं ज्या जमिनीवर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही ती शासनाची धरलेली आहे.

जागा शेतात असेल तर सातबारा आणि आठ-अ काढा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकला की सातबारा दिसतो, पण कोर्टकचेरीसाठी डिजिटल सहीचा उतारा लागतो. नुसतं नाव वाचून थांबू नका. 'इतर हक्क' हा रकाना वाचा, भोगवटादार वर्ग १ (मोकळी मालकी) आहे की वर्ग २ (विकण्यावर सरकारी बंधन) ते बघा, आणि खाली लिहिलेले फेरफार क्रमांक टिपून घ्या. 'भूदान', 'आदिवासी', 'महाराष्ट्र शासन', 'गुरचरण', 'झुडपी जंगल' यातला एखादा शब्द दिसला की पुढचा रस्ताच बदलतो.

जुना वाद असेल तर सातबाऱ्याच्याही मागं जावं लागतं. आपल्याकडे १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी असते. मध्य प्रदेशात असतानाच्या जमीन महसूल कायद्याखाली ती तयार झाली, आणि 'ही जमीन पहिल्यापासून आमचीच' असं म्हणणाऱ्याला सगळ्यात आधी तिच्याच नकलेबद्दल विचारलं जातं. पूर्व विदर्भात निस्तार पत्रकही बघा. चराई, सरण, स्मशान, आखर यांसाठी गावानं कोणती जागा राखली होती, ते त्यात असतं. दोन्हींची नक्कल अभिलेख कक्षात अर्ज करून मिळते.

जागा गावठाणात, म्हणजे आबादीत असेल तर सातबारा शोधत बसू नका. तिथं मिळकत पत्रिका किंवा सनद लागते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून या पत्रिका दिल्या जात आहेत. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर नकाशावर आपल्या घराची हद्द आणि नाव आजच तपासा. बाहेरगावी असलेल्यांची इथंच फसगत होते. चौकशीच्या दिवशी घराला कुलूप, विचारायला कोणी नाही, मग शेजारी सांगेल ती हद्द आणि सांगेल ते नाव चढतं. नोंद चुकली असेल तर भूमी अभिलेखच्या उप अधीक्षकाकडे लेखी हरकत द्या. तोंडी सांगून आलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

नमुना ८ म्हणजे मालकी नव्हे

प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून जपलेली घरटॅक्सची पावती लोक फार अभिमानानं पुढं ठेवतात. ती कामाची आहे, पण वेगळ्या कामाची. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घरात कोण राहतो आणि टॅक्स कोणाकडून घ्यायचा, एवढंच ती सांगते. त्यातलं नाव मालकी देत नाही. विजेच्या मीटरचंही तेच. मात्र तुम्ही तिथं कधीपासून राहता, याचा पुरावा म्हणून ही पावती फार मोलाची आहे, आणि पट्ट्याच्या अर्जात तीच उपयोगी पडते.

त्यापेक्षा धोक्याची असते स्टॅम्पपेपरवरची 'कब्जापावती'. अतिक्रमणाची जागा पन्नास हजाराला 'घेतली', दोन साक्षीदारांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, आणि विकणाऱ्याचाच हक्क नसेल तर नोंदणीनंही काही उरत नाही. असा कागद घेणाऱ्याला फक्त ताबा मिळतो. मालक किंवा तहसीलदार दारात आला तर तो कागद ढाल म्हणून चालत नाही.

बारा वर्षांचा खरा हिशोब

खाजगी जागेबाबत मुदत कायदा १९६३ चा अनुच्छेद ६५ आणि कलम २७ लागू होतात. मालकाच्या हक्काविरुद्ध बारा वर्षं ताबा राहिला आणि मालकानं त्या मुदतीत दावा केला नाही, तर मालकाचा हक्क संपू शकतो. सरकारी जागेला हीच मुदत अनुच्छेद ११२ नं तीस वर्षं आहे. २०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असा हक्क पक्का झालेला माणूस केवळ बचावातच नाही, तर स्वतः वादी होऊनही कोर्टात जाऊ शकतो.

एवढंच लोकांपर्यंत पोचतं. पुढचं पोचत नाही.

असा हक्क देणाऱ्या ताब्याला 'प्रतिकूल ताबा' म्हणतात. पण नुसतं बारा वर्षं बसणं म्हणजे प्रतिकूल ताबा नव्हे. ताबा उघड हवा, सलग हवा, आणि 'मी मालकाला मानत नाही, ही माझी जागा म्हणून बसलोय' असा हवा. कधीपासून बसलो, कसा बसलो, मालकाला ते माहीत होतं की नाही, हे सगळं बसणाऱ्यानंच सिद्ध करायचं. मालकाला फक्त आपली मालकी दाखवायची असते. परवानगीनं सुरू झालेला ताबा तर कितीही वर्षं चालला तरी आपोआप प्रतिकूल होत नाही. "काका, तुम्ही पुण्यात आहात तोवर मी कुटार ठेवतो तिथं" म्हणून सुरू झालेला ताबा वीस वर्षांनंतरही परवानगीचाच. राखणदार, नोकर, घर सांभाळायला ठेवलेला नातेवाईक यांना नुसतं राहून हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या मारिया मार्गारिडा प्रकरणात स्पष्ट केलं. बटईनं किंवा मक्त्यानं वावर करणाऱ्याचा ताबाही परवानगीचाच. त्यातून कुळाचा हक्क निघतो का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी विदर्भाला स्वतंत्र कुळकायदा आहे, १९५८ चा.

भावाभावांच्या बाबतीत तर बहुतेकांचा हिशोब चुकतोच. वडिलांच्या नावच्या वावरात एक भाऊ पंधरा वर्षं एकटा पेरतो, बाकीचे नागपुरात. त्या भावाचा ताबा सगळ्यांच्या वतीनं धरला जातो. 'तुमचा हिस्सा मी नाकारतो' असं त्यानं उघड केलं, आणि ते इतरांना कळलं, तरच बारा वर्षं मोजायला सुरुवात होते.

या कायद्यावर टीकाही भरपूर झाली आहे. खुद्द सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये तो अन्यायकारक वाटतो असं म्हटलं. विधी आयोगानं मात्र २०२३ च्या २८० व्या अहवालात त्यात बदल सुचवला नाही. त्यामुळे तो आहे तसाच आहे. माझं मत विचाराल तर, दुसऱ्याच्या जागेवर या कायद्याच्या भरवशावर स्लॅब टाकू नका. बारा वर्षं सिद्ध करायला कोर्टात आणखी बारा जातात.

घराला कुलूप लावून जाताना

अतिक्रमण एका रात्रीत होत नाही. आधी शेजारी तुमच्या भिंतीला पऱ्हाट्या टेकवतो. मग गोवऱ्यांचा ढीग. मग एक गाय बांधतो. पावसाळ्यात गायीसाठी चार टिनं. कवेलू उतरलेल्या मातीच्या घराची एक भिंत बसली की तिथून जायला वाट पडते, आणि पुढच्या ग्रामसभेत कोणी तरी विचारतो, "इथं कोणाचं घर होतं बाप्पा?"

म्हणून पऱ्हाट्या टेकवल्या त्याच वेळी बोला, आणि बोललात ते लिहून ठेवा. व्हॉट्सॅपवर दिलेला निरोपही पुढं कामी येतो. शेजाऱ्याशी संबंध चांगले असतील तर लेखी परवानगी करून द्या: अमुक जागा अमुक कामासाठी तात्पुरती वापरायला घेतली, मागितल्यावर मोकळी करून देईन. त्याची सही, दोन साक्षीदार. शेजारी रागावेल असं वाटतं, पण असा कागद दोघांनाही वाचवतो, कारण त्यानंतर प्रतिकूल ताब्याची भाषाच उरत नाही.

घरटॅक्स दर वर्षी स्वतःच्या नावानं भरा आणि पावती घ्या. वर्षातून एकदा या, घर उघडा, फोटो काढा. वावर असेल तर ई-पीक पाहणीची नोंद दर हंगामात करा. २०२१ पासून ही नोंद खातेदार स्वतः मोबाइलवरून करू शकतो. वावरात उभं राहून काढलेल्या फोटोसह ती राहते, म्हणून ताब्याचा पुरावा म्हणूनही ती चांगली. दुसराच कोणी पेरत असेल तर त्याचं नाव परस्पर चढत नाही. त्यासाठी नमुना १४ भरून तहसीलदारानं चौकशी करायची असते. अशा चौकशीची नोटीस आली तर तारखेला हजर राहा.

आणि वारस फेरफार करून घ्या. आजोबाच्या नावाचा सातबारा, बाप वारलेला, नातू पुण्यात, अशी वावरं सगळ्यात आधी हातची जातात. मालक म्हणून उभं राहायला कागदावर कोणीच जिवंत नसतं.

कोणी बसलंच तर

इथं दिवस मोजा. तीन मुदती आहेत.

पहिली दोन महिन्यांची. ताब्यावरून मारामारीची वेळ आली असेल तर पोलिसात तक्रार द्या, आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली अर्ज करता येतो. हे जुनं कलम १४५. पोलिसांचा अहवाल किंवा माहिती मिळण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत कोणाला जबरदस्तीनं हुसकावलं असेल तर दंडाधिकारी त्यालाच ताब्यात धरू शकतो. इथं मालकी ठरत नाही, फक्त कोणाचा ताबा होता ते ठरतं. गुन्हेगारी अतिक्रमण आणि गृहअतिक्रमण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये येतात. पोलीस 'हा दिवाणी मामला आहे' म्हणून पाठवतील, त्याची तयारी ठेवा. तरी अर्ज द्या आणि पोच घ्या. तारीख त्या पोचेवर पक्की होते.

दुसरी सहा महिन्यांची, आणि ती सगळ्यात कामाची. विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ च्या कलम ६ खाली, कायदेशीर मार्गाशिवाय हुसकावलं गेल्यापासून सहा महिन्यांत दिवाणी दावा केला तर मालकीच्या भानगडीत न पडता ताबा परत मिळू शकतो. शेतजमीन, चराई, झाडं, पीक, विहिरीचं पाणी यांचा ताबा गेला असेल तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडेही सहा महिन्यांत जाता येतं. पांदण, म्हणजे वावराची वाट, अडवली तरी हाच कायदा. कोर्टापेक्षा हा रस्ता स्वस्त आहे, आणि मौका चौकशीला साहेब वावरात येतात.

तिसरी बारा वर्षांची. पहिल्या दोन मुदती गेल्या तरी मालक संपला असं नाही. मालकीच्या आधारावरचा ताब्याचा दावा बारा वर्षांत करता येतो, आणि तो बुडवायचा तर समोरच्याला प्रतिकूल ताबा सिद्ध करावा लागतो.

आता मालकांना न आवडणारी गोष्ट. कलम ६ मालकाच्याही विरुद्ध चालतं. एखादा माणूस तुमच्या जागेत स्थिरस्थावर झाला असेल तर त्याचं सामान बाहेर फेकणं, टिनं उपटणं, रात्री चार पोरं घेऊन जाणं, यातलं काहीही करू नका. २००४ च्या रामे गौडा निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: स्थिर ताबा असलेल्याला, तो अतिक्रमकच असला तरी, कायद्याच्या मार्गानंच काढायचं. एका दिवसात घुसलेल्याला त्याच वेळी अडवणं वेगळं, आणि पाच वर्षं राहिलेल्याला बाहेर काढणं वेगळं.

धुऱ्याचा वाद असेल, म्हणजे शेजाऱ्यानं नांगर घालता घालता दोन काकरं आत घेतली असतील, तर आधी सरकारी मोजणी करा. मोजणीच्या नकाशावर, म्हणजे 'क' प्रतीवर, अतिक्रमण निघालं म्हणजे काम झालं असं नाही. मोजणीवाले खुणा दाखवतात, ताबा देत नाहीत. शेजारी ऐकत नसेल तर ती प्रत घेऊन दिवाणी दावाच करावा लागतो.

सरकारी जागेवर घर

आबादीबाहेरच्या शासकीय जागेवर राहणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे, आणि त्यातले बरेच भूमिहीन. त्यांच्यासाठी महसूल संहितेत दोन कलमं शेजारी शेजारी आहेत: कलम ५० नं अतिक्रमण काढता येतं, कलम ५१ नं नियमानुकूल करता येतं. कोणतं लागेल ते जागा कशासाठी राखीव आहे आणि तुम्ही कधी बसलात यावर ठरतं.

ग्रामीण भागात घरासाठीच्या अतिक्रमणाबाबत ग्रामविकास विभागाचा २०१८ चा निर्णय महत्त्वाचा आहे. त्यातली तारीख आहे १ जानेवारी २०११. त्याआधीपासून तिथं घर असल्याचा पुरावा लागतो. २०११ पूर्वीची टॅक्स पावती, वीजबिल, मतदार यादीतलं नाव, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, यातलं मिळेल ते गोळा करा. अर्ज ग्रामपंचायतीत देऊन यादीत नाव आहे की नाही ते लेखी विचारा. नुसतं 'नाव टाकलं आहे' हे तोंडी उत्तर घेऊन घरी जाऊ नका. रस्ता, नाला, तलावाचं बुडीत अशा जागी बसलेल्यांनी पट्ट्याच्या आशेवर वर्षं घालवू नयेत. त्यांनी पर्यायी जागा मागावी. घरकुल मंजूर आहे पण जागा नाही, अशांना पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला अर्थसहाय्य मिळतं.

गुरचरणाचं, म्हणजे गायरानाचं, गणित आणखी कडक आहे. पश्चिम विदर्भात याला 'ई-क्लास' म्हणतात. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. ते प्रकरण पंजाबातल्या एका गावतळ्याचं होतं, पण त्याचा धक्का आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या बुडितापर्यंत पोचला. १२ जुलै २०११ ला राज्यानं त्यावर शासन निर्णय काढला. २०२२ च्या शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशावरून गायरानातल्या घरांना नोटिसा गेल्या तेव्हा गावंच्या गावं हादरली होती. त्याच जगपाल निकालात एक फट मात्र ठेवलेली आहे: भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना शासनाच्या धोरणानं दिलेले पट्टे, किंवा तिथं शाळा-दवाखाना असेल तर, अपवाद म्हणून नियमित करता येतं. तुम्ही त्यात बसत असाल तर नोटिशीच्या उत्तरात ते शब्दशः लिहा.

राहण्यासाठी नव्हे तर पेरण्यासाठी ई-क्लासवर बसलेल्यांचं प्रकरण वेगळं. १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासूनचा हा लढा आहे, दादासाहेब गायकवाडांनी उभा केलेला. १९९१ च्या शासन निर्णयात १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणं, पात्र भूमिहीनांची, नियमानुकूल करायचं ठरलं. बुलढाणा, वाशीम, यवतमाळकडे त्या काळातल्या दंडाच्या पावत्या अजून लोकांच्या पेटीत आहेत. त्या फेकू नका. दंड भरला म्हणजे अतिक्रमण शासनाच्या दप्तरात आलं, आणि त्यावर तारीख असते. हीच पावती आजही पुरावा म्हणून लावली जाते.

झुडपी जंगल

हे फक्त पूर्व विदर्भाचं दुखणं: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. महसूल दप्तरात 'झुडपी जंगल' लिहिलेली खुरटी पडीक जमीन, जिच्यावर गावठाणाचा विस्तार, शाळा, स्मशान, लोकांची घरं सगळं झालं. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीनच आहे असं ठरवलं. पण निकाल सरसकट घरं पाडा असा नाही. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्यानं जी जागा रीतसर दिली होती तिच्यासाठी राज्यानं केंद्राकडे परवानगी मागायची आहे. २५ ऑक्टोबर १९८० नंतरची अतिक्रमणं मात्र दोन वर्षांच्या आत काढायला सांगितली आहेत, आणि त्यासाठी जिल्ह्यात विशेष पथक आहे.

म्हणजे तुमच्या हातात 'दिल्याचा' कागद आहे का, हा सवाल आहे. पट्टा, तहसीलदाराचा आदेश, लेआउटचं मंजुरीपत्र, काहीही. घरात नसेल तर तहसीलमध्ये माहिती अधिकारात जुनं प्रकरण मागा. पथक दारात येईपर्यंत थांबू नका.

जंगलातलं वावर

वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या पेरणाऱ्यांना वनहक्क कायदा २००६ आहे, आणि तिथं पट्टा मागणं म्हणजे सरकारची मेहेरबानी मागणं नव्हे, तो हक्क आहे. आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा हवा. इतर पारंपरिक वननिवासींना त्याच तारखेपूर्वी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि आपल्याकडे बिगरआदिवासींचे दावे बहुतेक इथंच अडतात. जास्तीत जास्त ४ हेक्टर मिळतं, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो, वारसाला जातो, पण विकता येत नाही.

दावा नमुना 'अ' मध्ये गावच्या वनहक्क समितीकडे द्या. तिथून ग्रामसभा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. निदान दोन पुरावे लागतात. त्यातला एक गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब असू शकतो, आणि जुन्या विहिरी, धुरे, घरांच्या खुणाही चालतात. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडे अपील करा. कलम ४(५) नुसार पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदाराला काढता येत नाही. वनरक्षक आला तर हे कलम आणि दाव्याची पोच दाखवा.

आदिवासींच्या खाजगी जमिनीवर बिगरआदिवासीनं बसण्याचा विचारही करू नये. संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ, आणि जमीन परत देण्याचा १९७४ चा कायदा, सगळे त्याच्या विरुद्ध आहेत. भूदानाची जमीनही विकता येत नाही, मग स्टॅम्पपेपर कितीही जुना असो.

दारावर नोटीस चिकटली तर

ती फाडू नका. फोटो काढा, चिकटवल्याची तारीख मागं लिहा. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाची आहे ते बघा. ग्रामपंचायत रस्त्यावरचं किंवा मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नं काढते, तहसीलदार महसूल संहितेनं. उत्तर मुदतीत द्या आणि त्यात चार गोष्टी मागा: मोजणीची प्रत, जागा राखीव असल्याचा कागद, प्रत्यक्ष सुनावणी, आणि नियमानुकूल करण्याचा अर्ज आधीच दिला असेल तर त्यावर निर्णय होईपर्यंत थांबण्याची विनंती. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बांधकाम पाडण्याआधी निदान १५ दिवसांची नोटीस आणि ऐकून घेणं सक्तीचं केलं आहे. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वे रूळ, नदी-तलाव यांवरच्या बांधकामाला ते संरक्षण नाही.

तहसीलदाराचा आदेश विरुद्ध गेला तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, आणि अपिलासोबत स्थगितीचा वेगळा अर्ज. नुसतं अपील करून घरी गेलात तर जेसीबी थांबत नाही.

वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन क्रमांक १५१००.

निवडणुकीला उभं राहणाऱ्यांसाठी एक सूचना. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) नं शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो. २०१८ च्या जनाबाई निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी रुंद केलं: अतिक्रमण सासऱ्यानं केलं असेल आणि तुम्ही तिथं राहत असाल, तरी अपात्रता लागू. गावात अतिक्रमणाचे अर्धे अर्ज निवडणुकीनंतरच का येतात, ते यावरून कळेल.

अर्ज असा लिहा

जागेत कोणी शिरल्याचं कळल्या दिवशी द्यायचा हा नमुना. तहसीलदार, ठाणेदार, ग्रामपंचायत अधिकारी, तिघांनाही चालतो. वरचं नाव तेवढं बदला.

"मी, ……, राहणार ……, मौजा ……, तालुका …… येथील गट क्रमांक / मिळकत क्रमांक …… चा नोंदणीकृत धारक आहे. चतुःसीमा: पूर्वेस ……, पश्चिमेस ……, उत्तरेस ……, दक्षिणेस ……. सदर जागा आजवर माझ्या ताब्यात असून दिनांक …… रोजी …… यांनी माझ्या संमतीशिवाय तिथं …… (कुंपण / टिनशेड / पेरणी) केलं आहे. मी त्यांना अशी कोणतीही परवानगी दिलेली नाही. कृपया मौका चौकशी करून पंचनामा करावा व पुढील काम थांबवावं. सोबत: सातबारा / मिळकत पत्रिका, कर पावती, फोटो."

'परवानगी दिलेली नाही' हे वाक्य तसं नसेल तर लिहू नका. परवानगी दिली होती आणि आता मागं घेताय, तर तसंच लिहा: 'दिनांक …… पासून तात्पुरती परवानगी होती, ती आज मागं घेत आहे, ३० दिवसांत जागा मोकळी करावी.' त्याची एक प्रत समोरच्याला स्पीड पोस्टानं पाठवा. चतुःसीमा चुकली तर पंचनामा भलत्याच जागेचा होतो, म्हणून ती पटवाऱ्याकडच्या नकाशावरून लिहा, आठवणीतून नको. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. बाबू म्हणेल, "साहेब आल्यावर देतो शिक्का." साहेब येईपर्यंत बाहेर बाकावर बसा.